गल्ल्यावरची खुर्ची आणि इंजिनाची केबिन

कल्याण हे जंक्शन आहे, हे ठाणे जिल्ह्यातील व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पुण्याकडचा माल आणि नाशिककडचा माल येथेच वाट बदलतो. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली आणि या जुन्या बंदराचे नशीब नव्याने उघडले. रेल्वेचे इंजिनचालक घडविणारे प्रशिक्षण केंद्र याच कल्याणात आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात साताऱ्याकडील एका शेतकऱ्याची मुलगी तेथे सहायक चालकाचे प्रशिक्षण घेण्यासाठी दाखल झाली. तिचे नाव सुरेखा भोसले; पुढे सुरेखा यादव या नावाने ती देशाला माहीत झाली.

कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून तिने विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली होती. मनातून तिला शिक्षिका व्हावयाचे होते. रेल्वेच्या जागा निघाल्या तेव्हा तिने अर्ज केला. परीक्षेला गेल्यावर तिच्या लक्षात आले की, उमेदवारांत स्त्री अशी आपण एकटीच आहोत. या प्रसंगाकडे जरा थांबून पाहावे. तिचा अर्ज कोणी परत केला नाही, परीक्षेला बसू दिले नाही असेही झाले नाही, आणि ती निवडलीही गेली. दार बंद नव्हते. त्या दाराशी तोवर कोणी गेलेच नव्हते, कारण तेथे जाण्याची कल्पना घरात, शाळेत वा शेजारपाजारात कोणी बोलून दाखविली नव्हती. स्त्रियांच्या रोजगाराची अडचण कायद्याच्या पुस्तकात जितकी असते, त्याहून कितीतरी अधिक या न बोलल्या गेलेल्या वाक्यांत असते.

सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर १९८९ साली ती नियमित सहायक चालक झाली. आरंभीची मालगाडी वाडीबंदर ते कल्याण या पट्ट्यातली होती. सुमारे नऊ वर्षांनी ती मालगाडीची पूर्ण चालक झाली आणि २००० साली उपनगरी लोकलची मोटरवुमन. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मध्य रेल्वेच्या महिला विशेष लोकलचे सारथ्य तिने केले. २०१० मध्ये तिला घाटाचे काम मिळाले. घाट म्हणजे काय, हे चालकांनाच विचारावे. बोरघाटात सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे. गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, आणि उतरताना तर साऱ्या गाडीचा भार ब्रेकवर येतो. ८ मार्च २०११ रोजी तिने पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन आणली ती याच घाटातून. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली तीही याच वाटेने. दरम्यान कल्याणच्याच प्रशिक्षण केंद्रात ती वरिष्ठ प्रशिक्षक म्हणून शिकवू लागली होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये ती निवृत्त झाली.

‘बायकांच्या हाताला तेवढी ताकद नसते’ हा आक्षेप या क्षेत्रात फार जुना. परंतु इंजिन दंडाच्या जोरावर चालत नाही. सिग्नल वाचणे, उताराचा अंदाज घेणे, दाबाचे काटे पाहणे आणि रात्री अडीच वाजता जागे राहणे, हे सारे शिकून आणि सरावाने येते. जे शिकविता येते ते कोणाला शिकवावयाचे, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

मुंबई ते ठाणे या देशातील पहिल्या आणि अतिशय गर्दीच्या मार्गावर लोकल चालविणाऱ्या मुमताज काझी यांची कथा याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूची आहे. त्यांचे वडील अल्लारखू इस्माईल कथावाला स्वतः रेल्वेत अधिकारी होते. ज्या खात्यात त्यांचे आयुष्य गेले, त्याच खात्यात मुलीने इंजिन चालविण्यासाठी अर्ज करावा, हे त्यांना प्रथम रुचले नाही. तिने प्रयोगशाळा तंत्रज्ञ व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. विरोध करणारा माणूस अडाणी नव्हता, निष्ठुरही नव्हता. त्याला त्या कामातले धोके ठाऊक होते आणि मुलीची काळजी होती. पुढे त्यांनी संमती दिली. मुमताज १९९१ पासून डिझेल इंजिन चालवू लागल्या आणि २०१७ साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. आपल्या घरांत मुलींना अडविले जाते ते बहुधा याच मायेपोटी. म्हणूनच त्या अडविण्याविरुद्ध बोलणे अवघड होऊन बसते.

कल्याणला ही परंपरा नवी नाही. १८६५ साली येथे जन्मलेली यमुना पुढे आनंदीबाई जोशी झाली आणि १८८६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. तिचे कोवळ्या वयातले मूल दगावले होते आणि त्या दुःखातून तिचा निश्चय उभा राहिला. कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूक झाली होती. पण क्षयाने तिला गाठले आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात तिचे निधन झाले. तिला एकाही रुग्णावर नीट उपचार करता आले नाहीत, हे खरे. तरीही कल्याणातील मुलीने सातासमुद्रापार जाऊन एक व्यवसाय शिकून येणे, ही गोष्ट घडून गेली होती. ती आता कोणाला पुसता येणार नव्हती.

जैन समाजाच्या स्मरणात तर याहून जुनी कथा आहे. भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना विद्या दिली: ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला गणित. अक्षर आणि अंक, म्हणजे पेढीची दोन्ही चाके. परंपरा असे सांगते, आणि त्याच परंपरेत वाढलेल्या कित्येक पेढ्यांवर चोपडे लिहिण्याचे काम पिढ्यान्पिढ्या मुनीमजींकडे आणि मुलांकडेच राहिले, हा विरोधाभास कोणाला खटकला नसेल असे नाही.

मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांना तो खटकला. त्यांची कन्या मगनबाई अगदी तरुण वयात विधवा झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिला घराच्या एका कोपऱ्यात बसविणे शेठजींना सहज शक्य होते. लोकांनी त्याला मर्यादाच म्हटले असते. त्यांनी तिला शिकविले, शास्त्राभ्यासाला बसविले, आपल्याबरोबर प्रवासाला नेले आणि समाजकार्यात पुढे केले. मगनबाईंनी श्राविकाश्रम काढला. निराधार आणि विधवा स्त्रियांनी तेथे राहावे, शिकावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा त्यामागचा हेतू होता. पुढे सोलापुरात पंडिता सुमतिबाई शहा यांनी श्राविका संस्था उभी करून हाच धागा महाराष्ट्रात पुढे नेला. त्या आश्रमांतून शिकलेल्या स्त्रिया शिक्षिका होऊन गावोगाव गेल्या.

व्यापाऱ्यांच्या पैशाने स्त्रीशिक्षणाला किती बळ दिले, याचे आणखी एक उदाहरण सर्वांना माहीत असते, फक्त त्याची आठवण होत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले तेव्हा त्यांच्याजवळ निष्ठा भरपूर होती, पैसा नव्हता. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. आज एस.एन.डी.टी. या अद्याक्षरांच्या मागे एका गिरणीमालकाची आई उभी आहे.

आता ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या आजच्या सकाळीकडे यावे. सकाळी सातनंतरच्या कोणत्याही लोकलचा महिलांचा डबा पाहिला तर या पट्ट्यातील स्त्रिया काम करीत नाहीत, असे म्हणण्याची कोणाची हिंमत होणार नाही. परतीच्या गाडीत भाजी निवडली जाते, मटार सोलले जातात, श्रावणात आणि संक्रांतीला डब्यातच हळदीकुंकू होते. १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी लोकल सुरू केली. पुढे मध्य रेल्वेवरही कल्याणपर्यंत अशी गाडी आली. डोंबिवलीतील पोळीभाजी केंद्रांची वाढ हा याच कथेचा उत्तरार्ध म्हणावा. एक स्त्री साडेसातची गाडी पकडू शकते, कारण दुसरी स्त्री पहाटे पाचला तिच्यासाठी पोळ्या लाटावयास उभी राहिलेली असते. पहिलीच्या हाती पगारपत्रक असते. दुसरीच्या हाती बहुधा दर पोळीमागे मिळणारे काही रुपये.

येथेच विषय गुंतागुंतीचा होतो. व्यापारी कुटुंबांत स्त्रीच्या कमाईला विरोध आता फारसा उरलेला नाही; पण ती कमाई घराच्या चौकटीत बसणारी असावी, अशी एक न बोललेली अट मात्र आहे. पापड, लोणची, खाखरे, शिवण, मेंदी, शिकवण्या. यातील एकही काम हलके नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार केली. त्यातून लिज्जत उभे राहिले. त्यातील जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पण लिज्जतचे यश पापडात नव्हते, हे पुष्कळदा विसरले जाते. पापड तर घरोघरी होत होतेच. पिठाचा दर्जा ठरविणे, वजन, हिशेब, नफ्याची वाटणी आणि दर्जा घसरला तर माल परत करण्याची शिस्त, हा सारा व्यवहार बायकांनी स्वतःच्या हाती ठेवला आणि काम करणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार झाली. जेथे फक्त लाटणे बायकांकडे आणि बाकी सारे दुसऱ्याकडे असते, तेथे त्याच पापडातून घरखर्चाला हातभार लागतो, त्यापलीकडे काही होत नाही.

घराबाहेरच्या प्रशिक्षणाची दारे याच परिसरात आहेत. ठाण्यात आणि अंबरनाथला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. दहावीनंतर तेथे प्रवेश मिळतो आणि राज्यातील या संस्थांत तीस टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. फिटर, टर्नर, वीजतंत्री, संगणक असे अभ्यासक्रम आहेत, शिवणकाम आणि सौंदर्यप्रसाधनाचेही आहेत. मुलींची पावले वळतात ती बहुतकरून शेवटच्या दोन्हींकडे. त्यात गैर काही नाही; परंतु वागळे इस्टेट असो की डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, कारखान्याला वीजतंत्री लागतो, यंत्राची देखभाल करणारा लागतो, गुणवत्ता तपासणारा लागतो. तेथील पगार आणि शिवणाच्या मजुरीतला पगार यांत अंतर आहे, आणि ते अंतर आयुष्यभर वाढत जाते. दहावीच्या निकालानंतरच्या एका आठवड्यात भरलेल्या प्रवेश अर्जावर ते ठरून जाते. त्या आठवड्यात घरात कोण काय बोलते, याला म्हणून महत्त्व.

रस्त्यावर मात्र एक बदल डोळ्यांनी दिसला. २०१६ च्या सुमारास राज्य सरकारने रिक्षांच्या नव्या परवान्यांत पाच टक्के स्त्रियांसाठी राखीव ठेवले आणि ठाण्यात अबोली रंगाच्या रिक्षा धावू लागल्या. परवाना राखीव ठेवणे सोपे असते. रिक्षा चालविण्याचा परवाना काढणे, बँकेचे कर्ज, स्थानकाबाहेरच्या रांगेत उभे राहण्याची जागा आणि लघुशंकेची सोय, या गोष्टी त्यामागून याव्या लागतात, आणि त्या अर्ध्यामुर्ध्याच येतात.

सोयीची ही गोष्ट दुकानदारांनाही लागू आहे. जांभळी नाक्यासारख्या जुन्या बाजारपेठांतील लहान गाळ्यांत स्वच्छतागृह असेलच असे नाही. पुरुष नोकर कोठे तरी भागवून घेतो. दिवसभर साड्या दाखविणारी मुलगी पाणी पिणे टाळते आणि काही महिन्यांनी काम सोडते. मग ‘मुली टिकत नाहीत’ असा अनुभव गल्ल्यावर सांगितला जातो. शेजारच्या चार दुकानांनी मिळून एक स्वच्छ, कुलपाचे स्वच्छतागृह ठेवण्याचा खर्च दिवाळीच्या रोषणाईपेक्षा फार मोठा नसतो.

कायदा काय सांगतो, हे पेढीवर माहीत असणे बरे. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा २०१७ च्या डिसेंबरपासून अमलात आला. भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्रीशी भेदभाव करता येणार नाही, असे त्याच्या तेराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. ‘प्रशिक्षण’ हा शब्द तेथे मुद्दाम आहे. दुकानातील मुलाला हळूहळू खरेदीला सुरतेला नेले जाते, व्यापाऱ्यांशी ओळख करून दिली जाते, उधारीची वसुली शिकविली जाते. दहा वर्षांत तो स्वतःचे दुकान टाकतो. त्याच दिवशी कामाला लागलेली मुलगी दहा वर्षांनंतरही साड्यांच्या घड्याच घालीत असते. वेतनात भेद नसेलही, पण शिकविण्यात आहे. रात्रीच्या कामाबद्दलही तेथे तरतूद आहे: साडेनऊनंतर स्त्रीला काम द्यावयाचे तर तिची संमती हवी आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोहोचविण्याची व्यवस्था मालकाने करावयाची. पन्नास वा अधिक कामगार असतील तर पाळणाघर हवे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून लहान दुकानातील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मॅनेजरच्या केबिनबाहेर कागद चिकटविला म्हणजे समिती झाली, असे समजणारे थोडे नाहीत.

वेतनाच्या बाबतीत एक जुना खटला मुंबईचाच आहे. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्रे डिकोस्टा या लघुलेखिका होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुष लघुलेखकांना त्यांच्याहून अधिक पगार मिळे. कंपनीचे म्हणणे होते की, स्त्रियांचे काम वेगळ्या प्रकारचे आहे आणि युनियनशी तसा करारही झालेला आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले नाही. काम सारखे असेल तर दाम सारखा, मग करारात काहीही लिहिलेले असो.

नोकर स्त्रीचा विचार येथवर झाला. घरातल्या स्त्रीचे काय? व्यापारी कुटुंबातील कित्येक सुना आणि मुली आज वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहेत. जीएसटीची विवरणे भरणे, बिले तयार करणे, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेणे, ही कामे दुपारी मुले झोपल्यावर घरातूनच होतात. सरकारी पाहणीत अशा स्त्रीची नोंद ‘घरच्या धंद्यातील बिनपगारी मदतनीस’ अशी होते. पेढीच्या चोपड्यात ती कोठेच नसते. हिशेबात सर्वाधिक काटेकोर असलेल्या समाजाच्या वहीतून एवढी मोठी नोंद सुटावी, हे नवल.

‘पगार दिला तर तो माझ्याच उत्पन्नात धरला जाईल, मग उपयोग काय?’ असे याला उत्तर मिळते. अर्धे खरे आहे. आयकर कायद्याच्या एका कलमानुसार, ज्या धंद्यात पतीचे भरीव हितसंबंध आहेत तेथून पत्नीला मिळालेला पगार पतीच्या उत्पन्नात मिळविला जातो. पण त्याच कलमात अपवादही आहे: पत्नीजवळ तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता असेल आणि तो पगार तिच्या त्या ज्ञानामुळे व अनुभवामुळेच मिळत असेल, तर तो तिचाच. म्हणजे सुनेने लेखांकनाचा, संगणकाचा, रत्नपरीक्षेचा किंवा वस्त्रतंत्राचा रीतसर अभ्यास केला असेल तर त्या प्रमाणपत्राला करसल्लागाराच्या टेबलावरही किंमत असते. अर्थात पगार कामाच्या मानाने वाजवी हवा आणि तो खरोखर तिच्या खात्यात जावयास हवा. दर महिन्याला पगार जमा करून दुसऱ्या दिवशी काढून घेण्याची चलाखी अधिकाऱ्यांना नवी नाही.

आणि मुलगी? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू अविभक्त कुटुंबात मुलगी जन्माने मुलासारखीच सहदायाद झाली. वारसाचा हा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, दुरुस्तीच्या वेळी वडील हयात होते की नव्हते, यावर तिचा हक्क अवलंबून नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने तर सुजाता शर्मा यांच्या खटल्यात ज्येष्ठ मुलगी कुटुंबाची कर्ताही होऊ शकते, असा निर्णय दिला. हक्क असा कागदावर आला. पण ज्या मुलीला मालाची पारख, बाजाराचा भाव आणि देणेकऱ्याची नियत यांतले काही शिकविलेच नाही, ती तो हक्क घेऊन काय करणार? भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करणे तिला सोपे वाटते, आणि घरातल्या साऱ्यांनाही.

ठाणे, डोंबिवली वा कल्याणच्या बाजारातून फिरताना जुन्या पाट्यांवर ‘अँड सन्स’ ही अक्षरे अजून ठळक दिसतात. काही दुकानांत मात्र संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मालकाची मुलगी गल्ल्यावर बसलेली असते. वडील शेजारी उभे राहून तिला विचारतात, या गिऱ्हाइकाला उधार द्यावे की नाही. ती चोपडा उघडते, मागचे पान पाहते आणि मान हलविते.